रिकाम्या गादीचा हंगाम

फेब्रुवारी उजाडला की सांगलीत वास सुटतो. हळद शिजते ती गावाबाहेर, शेतांच्या बांधावर, मोठमोठ्या काहिलींत. पण तिचा तो वाफाळलेला, मातकट वास वाऱ्यावर बसून थेट पेठेत येतो आणि खिडकी लावून घेतली तरी फटीतून शिरून पांघरुणात जाऊन बसतो. तो चांगला की वाईट, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र खरं, की तो आला की मला एका जागी बसवत नाही. उठते, दाराशी जाते, परत येते. समोरच्या वाण्याची सून विचारते, "बाई, काही हरवलंय का?" मी म्हणते, "चष्मा." चष्मा डोळ्यांवरच असतो.

यंदा त्यात भर पडली. परवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. कुठल्याशा मोठ्या धर्मप्रांताला नवे आर्चबिशप नेमले. शेजारी गोल टोपीतला हसरा फोटो. सांगलीत ही बातमी वाचणारी मी एकटीच असेन. तीनदा वाचली. फोटोतला माणूस माझ्या भाच्याच्या वयाचा, भला दिसत होता. आणि मला वाटलं, या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की त्याच्या सहीची वाट बघत कुठल्या गावात कोण येरझारा घालतंय.

मी घातल्या आहेत. पंचविसाव्या वर्षी, हळदीच्याच हंगामात. आमच्या आर्चबिशपांची गादी रिकामी होती आणि माझं लग्न त्या रिकाम्या गादीपाशी अडून बसलं होतं.

माझ्या शाळेतल्या हेडबाईंना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पदर सावरत विचारलं, "म्हणजे तुमचे शंकराचार्यच ना?" म्हटलं, तसंच समजा. "मग त्यांचा आणि तुमच्या लग्नाचा काय संबंध? आमच्या शंकराचार्यांना आमची लग्नं कळतसुद्धा नाहीत." हेडबाईंचं म्हणणं बिनतोड होतं. मी घंटा द्यायला गेले.

आम्ही मूळचे गोव्याचे. पपा तरुणपणी क्लॅरोनेट काखोटीला मारून घाट चढून आले, ते इथे संस्थानच्या बँडचे मास्तर होऊन राहिले. त्यांची बहीण लग्न होऊन साताऱ्याला गेली. आत्याला आमच्यात तिया म्हणतात. मी नऊ वर्षांची असताना आई वारली, आणि तेव्हापासून माझी प्रत्येक सुट्टी तियाकडे साताऱ्याला गेली. तियाचा एकुलता मुलगा बस्त्याव माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही एका ताटात जेवलो, एका सायकलवरून पडलो, एकाच वेळी आम्हांला गोवर आला. पुढे तो शिवणकाम शिकला आणि पोवई नाक्याजवळ त्याने दुकान टाकलं. मी मराठी शाळेत मास्तरीण झाले. आणि एके दिवशी तियाने पपांना पत्र घातलं, की घरचीच पोर घरात आली तर आणखी काय हवं.

आता गंमत पाहा. आमच्या मागच्या खोलीत सरूबाई राहायची. कवठे महांकाळकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवऱ्याबरोबर सांगलीला येऊन अडत्याकडे हळकुंडं निवडायचं काम करणारी. तिचा नवरा म्हणजे तिचा आतेभाऊच. तिच्या दृष्टीने जगातलं सगळ्यांत सरळ लग्न ते हेच. आमचं घोडं कुठे अडलंय हे ऐकून ती हातातलं सूप खाली ठेवून हसली होती.

"आवं मास्तरीणबाई, मामाची पोरगी म्हंजी हक्काची! त्यात इचारायचं काय आन कुनाला?"

"आमच्यात नात्यात लग्न चालत नाही सरूबाई. करायचं तर वरून सूट आणावी लागते."

"वरनं म्हंजी? द्येवाकडनं?"

"त्याच्या जरा खालून. आर्चबिशपांकडून."

"मग मागा की! अडलंय कुटं?"

"ते वारले. नवे अजून नेमले नाहीत."

सरूबाईने जरा विचार केला. "म्हंजी पाटील मेला, आन नवा पाटील यीस्तवर गावातली लग्नंच बंद? लय अवघड हाय बाई तुमचं."

इतकं नेमकं मला कधीच सांगता आलं नसतं. पपांनी आमची नावं गोव्याकडच्या वहीतून कधी काढली नाहीत, त्यामुळे आमचा कारभार तिकडच्याच धर्मप्रांतात चाले. तो पसरलेला केवढा, तर समुद्रापासून घाट ओलांडून बेळगावच्या पुढेपर्यंत. एवढ्या मोठ्या प्रांताचा एक धनी गेला आणि मागे कारभार पाहायला जे थोर पाद्री बसवले होते ते अतिसावध. गादी रिकामी असताना नवं काही करायचं नाही, असा जुना दंडक आहे म्हणे. साधे कागद ते पुढे ढकलत. चुलत-आते भावंडांच्या लग्नासारखा कागद आला की बाजूला ठेवत. नवे येतील, ते बघतील. लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. नवे म्हणजे परदेशातून बोटीने यायचे. कुठली बोट कुठून निघेल आणि कुठे पोचेल याचा कुणालाच भरवसा नव्हता.

तर दोन्ही घरं राजी असूनही मी लटकलेली. पपा दर आठवड्याला दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात वाजवायला जात. भरजरी कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे पपा आणि मागे त्यांची पंधरा पोरं. गावातल्या प्रत्येक नवरीला पपांनी वाजतगाजत मांडवात नेलं होतं. परत आले की कोट खुंटीला लावत माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला घरभर फिरवायचं.

आणि मी फिरतच होते. सकाळी शाळेआधी घाटावर. शाळेत वर्गातल्या वर्गात, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, की मुलींच्या माना दुखून याव्यात. संध्याकाळी पोस्टमनच्या वाटेवर. घरात आम्ही कोंकणी बोलायचो. पण पपांना राग आला की त्यांना कोंकणी पुरायची नाही. मग बँडमधल्या पोरांकडून शिकलेली सांगलीची बोली बाहेर यायची. "आगं, त्यो कागद यील तवा यील! पायाला भिंगरी लावल्यागत का फिरतीस? बस की जरा खाली!" मी बसायचे. दोन मिनिटांनी उठायचे.

सगळ्यांना वाटे, पोरगी लग्नाला उतावीळ झाली आहे. सरूबाई डोळे मिचकावून विचारायची, "कवा हाय मग हळद?" मलाही तसंच वाटायचं. दुसरं काय असणार? ज्या माणसाला गाडी पकडायची असते तोच फलाटावर फेऱ्या मारतो, असं मी स्वतःला सांगत होते. फलाटावर फेऱ्या मारणाऱ्यांत गाडी चुकावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलीही माणसं असतात, हे पुढे बऱ्याच उशिरा कळलं.

त्या हंगामात मी मुलींना हरिपूरची पेवं दाखवायला नेलं होतं. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली खोल कोठी. तोंड एवढंसं, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकतात आणि ती वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी एक जुनं पेव उघडत होते. झाकण काढलं, पण कुणी आत उतरेना. एका म्हाताऱ्याने दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विझला. वर घेतला, पेटवला, थोड्या वेळाने पुन्हा सोडला. पुन्हा विझला. मुली कंटाळल्या. मीही कंटाळले आणि म्हटलं, "आजोबा, किती वेळ चालायचं हे?"

"कंदील टिकंस्तवर. आतली हवा इखारी असती पोरी. घाई क्येल्याला मानूस वर येत न्हाई."

"आणि दिवसभर नाहीच टिकला तर?"

"तर उद्या." म्हाताऱ्याने बिडी काढली. "हळद कुटं पळून चाललीया?"

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. त्याचा स्वस्थपणा बघवेना. मुलींच्या रांगा लावून मी त्यांना इतक्या भरभर चालवत गावात आणलं, की दुसऱ्या दिवशी दोघींचे पालक भांडायला आले.

ती सूट मागायचा अर्ज आम्ही केला त्याची एक वेगळीच कथा. आमच्याकडे तेव्हा चर्च नव्हतं. स्टेशनाजवळच्या एका भाड्याच्या खोलीत वेदी मांडलेली, आणि बेळगावकडून महिन्यातून एकदा फादर यायचे. फादर उंच, किडकिडीत, सतत नाक पुसणारे. हळदीच्या दिवसांत तर त्यांचे डोळे गळतच असायचे. मिस्साची प्रार्थना झाली की ते आमच्याकडे जेवायला येत. जेवण झाल्यावर त्यांनी मेजावर कागद पसरला आणि म्हणाले, "सूट हवी तर कारण द्यावं लागतं. मुलगी आवडली हे कारण नाही."

"मग?" पपांनी विचारलं.

"कारणं ठरलेली आहेत. शेकडो वर्षांपासूनची. त्यातली आपल्याला कुठली लागू पडतात, ती लिहायची. पण लक्षात ठेवा, लिहाल ते खरं पाहिजे. खोट्या कारणावर मिळालेली सूट ही सूटच नव्हे."

माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं, म्हणून टाक माझ्या हातात आला. फादर पुढे ते लॅटिनमध्ये उतरवणार होते, पण आमच्या शब्दांतला आमच्या सहीचा कागद त्यांना सोबत हवा होता. त्यांनी सांगितलं, मी लिहीत गेले. पहिलं कारण: जागा लहान असल्याने मुलीला तिच्या तोलाचा दुसरा कॅथलिक वर मिळणं शक्य नाही. दुसरं कारण: मुलीचं वय उलटून गेलं आहे.

मी टाक थांबवला. "उलटून गेलं आहे?"

"चोवीस पुरी झाली की चर्चच्या लेखी उलटलं, बाळ. तुला पंचविसावं."

"असंच लिहायचं?"

"असंच. हे शब्द माझे नाहीत. फार जुने आहेत."

तिसरं एक कारण होतं, बाप हुंडा द्यायला असमर्थ असण्याचं. ते ऐकताच पपा उठून उभे राहिले आणि म्हणाले, हे नको. फादर म्हणाले, दोन पुरे आहेत. पपांचा मान राहिला. माझ्या मानाचं काय, हे त्या मेजावर कुणाच्या मनात आलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही नाही. मी 'उलटून' मधला ट सुबक काढला. खाली सही केली. रविवारी मी साताऱ्याला गेले, बस्त्यावनेही केली. त्याने वाचलंदेखील नाही. फक्त म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे तुझं."

त्याच भेटीत त्याने मला एक पोलकं दिलं. पिकल्या जांभळाच्या रंगाचं, हाताला बारीक काठ लावलेलं. मी म्हटलं, "माप कधी घेतलंस?" तो म्हणाला, "त्याला काय लागतं." घरी येऊन घातलं, तर खांद्यात, दंडात, कमरेत, कुठेही दोरा इकडचा तिकडे नाही. कुणालाही आनंद झाला असता. मी चिडले. का चिडले, ते मला सांगता येत नव्हतं; आजही धड येत नाही. इतकं अचूक आपल्याला कुणीतरी ओळखतं आणि त्यासाठी आपल्याला एक शब्द विचारावा लागत नाही, हे मला सोसलं नसावं. मी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं.

मग बातमी आली. आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या चार दिवस आधी पपांना गावाकडून तार आली: नवे आर्चबिशप नेमले. पपांचा आनंद गगनात मावेना. गोव्यात म्हणे घंटा वाजल्या, फटाके उडाले. आणि आमच्या त्या भाड्याच्या खोलीला घंटाच नाही. पपांनी तोड काढली. संध्याकाळी बँडच्या पोरांना गोळा केलं आणि त्या खोलीच्या दारात उभे राहून चार भारी चाली वाजवल्या. पोरांना स्तोत्रं ठाऊक नव्हती, वरातीच्या चाली ठाऊक होत्या. मग दोन स्तोत्रं पपांनी एकट्याने वाजवली आणि दोन वरातीच्या चाली सगळ्यांनी. बघता बघता गर्दी जमली. टांगेवाले थांबले, हळदीची पोती टाकून हमाल आले.

"मास्तर, लगीन कुनाचं हाय?" एकाने विचारलं.

"लगीन न्हाई रं! आमचा मोठा सायब नेमलाय."

"कलेक्टर?"

"त्याच्या वरचा!"

गर्दी खूश झाली. सरूबाई पिवळेधम्मक हात घेऊन कडेला उभी होती. ती माझ्या कानाशी आली. "म्हंजी आता तुमचं काम झालंच म्हना."

मी मान हलवली. आणि गर्दीतून बाहेर पडले.

घरी आले, दार लावलं आणि एकाएकी रडले. मला वाटलं, आनंद झाला की असंच रडू येत असेल. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि भूगोलाचे पेपर तपासायला बसले. सगळ्या मुलींना भरभरून गुण दिले. कृष्णा नदी समुद्राला मिळते इतकंच जिने लिहिलं होतं, तिलाही.

पुढे चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यात आमच्यात लग्न होत नाही. म्हणजे आणखी सवड. त्या सवडीने मी सुखावले, आणि सुखावले हे लक्षात येताच हादरले. रोज संध्याकाळी पपा आणि मी गुडघे टेकून नव्या आर्चबिशपांसाठी प्रार्थना करायचो. त्यांचा प्रवास सुखाचा होवो, त्यांना शहाणपण मिळो. पपा डोळे मिटून मनोभावे म्हणत. मी शहाणपणापाशी अडखळायचे. कारण आतून मी त्यांच्याकडे एक वेगळंच मागत होते, की तुम्ही कडक असा. तुम्ही नवे आहात, नवी केरसुणी जोरात झाडते. तर पहिलाच आमचा कागद उचला आणि म्हणा, छे, सख्ख्या आते-मामेभावंडांचं लग्न? चालणार नाही. म्हणजे कुणाचं मन मोडणार नाही. तियाला वाटेल, आर्चबिशप वाईट. पपांना वाटेल, नशीब वाईट. बस्त्यावला काय वाटेल ते वाटो, पण माझ्यामुळे वाटणार नाही. आणि मी सकाळी शाळेत जाईन, फळ्यावर तारीख लिहीन.

हे आज इतक्या सरळ ओळींत लिहिता येतं. तेव्हा ते असं दिसत नव्हतं. तेव्हा नुसती पायांत आग होती. बस्त्यावमध्ये खोट काढायला जागा नव्हती. दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवणं नाही. दुसरं कुणी माझ्या मनात होतं असंही नाही. असतं तर किती सोपं झालं असतं! मला फक्त तो माझा नवरा म्हणून दिसायचा नाही. साताऱ्याचं ते घर, तियाची उंच पलंगडी, मागचा पाण्याचा हौद आणि बस्त्याव, हे सगळं माझ्या लहानपणाचं होतं, आणि मला लहानपणात परत राहायला जायचं नव्हतं. मला माझा वर्ग हवा होता. लग्न झालं की तो सुटणार होता, यावर कुणी चर्चाही केली नव्हती. भित्री होते मी. वाघासारखी वर्गात उभी राहायची, आणि घरात एक 'नाही' म्हणायला समुद्रापलीकडून एक म्हातारा यावा म्हणून डोळे लावून बसले होते.

ईस्टर झाला. हळदीचा हंगाम उतरणीला लागला. अंगणांतून वाळत घातलेली हळकुंडं खडखडीत झाली, वाऱ्याबरोबर पिवळी धूळ उडू लागली. फादर आले ते दुपारी, घामाघूम, नाक पुसत. मेजावर लांबट लिफाफा ठेवला. लाखेचा मोठा शिक्का.

"आले ते आले, आणि आठवड्याभरात साचलेले सगळे कागद हातावेगळे केले," फादर म्हणाले. "माणूस कामाचा दिसतो."

"काय म्हणाले?" पपांनी विचारलं.

"हो म्हणाले."

पपांनी क्रूसाची खूण केली. फादरांनी पपांना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि लिफाफ्यातून एक लॅटिन कागद आणि त्यासोबत माझ्या अक्षरातला तो जुना कागद काढला. म्हणाले, सूट लागू करण्याआधी दोघांना वेगवेगळं विचारायचं असतं, की कारणं अजून खरी आहेत ना. नेहमीचाच प्रश्न आहे, हो म्हण, की मी साताऱ्याला जाऊन त्याला विचारतो, संपलं.

मी माझंच अक्षर वाचलं. इतक्या सुबक अक्षरात स्वतःविषयी असं लिहिणारी ती बाई कोण, असं वाटलं.

"वय खरं आहे फादर," मी म्हटलं. "पण दुसरा मिळणं शक्य नाही, हे मला ठाऊक नाही. कुणी शोधलंच नाही. आणि मिळाला नाही तरी... मला हे लग्न करायचं नाही."

फादर नाक पुसायचे थांबले. बाहेर पपा क्लॅरोनेटच्या पट्ट्या पुसत होते, त्याची टिकटिक ऐकू येत होती.

"आर्चबिशप हो म्हणतात आणि तू नाही म्हणतेस?"

"ते नवे आहेत फादर. त्यांना माझी कुठे ओळख."

क्षणभर वाटलं, ते ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी कागदांच्या घड्या केल्या, जुन्या घड्यांवरूनच, आणि लिफाफ्यात घातल्या. "हे तू सहा महिन्यांपूर्वी या मेजावर सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी इथे 'नाही' लिहीन, माझं काम झालं. पण त्या मुलाला कोण सांगणार?"

"मी."

पपांना मी स्वतः सांगितलं. ते बराच वेळ क्लॅरोनेट पुसत राहिले, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी. मग म्हणाले, "भनीला आता त्वांड कसं दावू म्या?" एवढ्या हळू आवाजात त्यांना ती बोली बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या आवाजाने मी जेवढी मोडले, तेवढी कुणाच्या ओरडण्याने मोडले नसते. थोड्या वेळाने त्यांनीच म्हटलं, "जा. पर उद्याच जा. त्याला दुसऱ्याकडनं कळाया नगं."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांच्या आयुष्यात होतं तसंच झालं. तिया चार वर्षं आमच्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली. बस्त्यावचं दोन वर्षांनी सावंतवाडीकडच्या मुलीशी लग्न झालं, पपांनी वरातीत वाजवलं. मी मास्तरीणच राहिले, पुढे हेडबाई झाले. तो कागद म्हणत होता ते खरंच ठरलं म्हणा हवं तर. दुसरा मिळाला नाही. मी काही रडत बसले नाही. पण फेब्रुवारीत वास सुटला की पाय शिवशिवतात, ते का, याचं उत्तर सांगलीत नाही, साताऱ्यातल्या त्या भेटीत आहे.

माधवनगरला गाडी धरली. भिलवडी, ताकारी, कऱ्हाड. प्रत्येक स्टेशनावर वाटायचं, उतरावं आणि उलटी गाडी धरावी. सातारा रोडला उतरून टांग्याने गावात. दुकानात बस्त्याव एकटाच होता. लढाईचे दिवस, खाकी कापडाचे तागे भिंतीला लावून ठेवलेले, तो सैन्याचे शर्ट शिवत होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. उभ्या उभ्याच सांगितलं. आर्चबिशपांनी सूट दिली. मी नाही म्हटलं.

त्याने शिलाई मशीनवरचा पाय थांबवला नाही. हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला, शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

"मला त्या नव्या आर्चबिशपचीच भीती होती गं," तो म्हणाला. "रोज त्याच्या नावाने एक मेणबत्ती लावत होतो. हो म्हणू दे, हो म्हणू दे. तुझ्यासाठी एकही नाही लावली. तुझं मी धरूनच चाललो होतो."

मला वाटलं होतं, तियाने ठरवलं म्हणून तो हो म्हणतोय, जशी मी म्हणत होते. त्या क्षणापर्यंत मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा समोर एक अनोळखी माणूस बसला होता, ओठ घट्ट मिटलेला, आणि तो मला आवडला असता. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला फक्त राग आला, त्याचा, माझा, सगळ्यांचा.

"सगळ्यांना विचारलंस," मी म्हटलं. "तियाला, पपांना, फादरना, आर्चबिशपांना. मला कधी विचारलंस?"

"नाही."

"मग आता विचार."

त्याने मशीनवरचं रीळ काढलं, दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. बाहेर टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता.

"नको," तो म्हणाला. "आता तू खरं सांगशील."